पात्यावरचा अंगठा

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मला, विशाखा गजभियेला, नागपूरच्या पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे ट्रेस केलेल्या बाईला, साबणाने हात धुऊन यायला सांगण्यात आलं. अपमान नोंदवून ठेवला. बाकी दिवस मजेत गेला.

या वयात नोकरी कशाला, असं कुशलचं म्हणणं. आई, इथे अमेरिकेत, नोव्हायच्या घरात हीटर आहे, टीव्ही आहे, अजून काय हवं? मी म्हटलं, बाळा, हीटर अंडी उबवायच्या पेटीतही असतो. शेवटी त्यानेच काम शोधलं. त्याच्या मित्राचा धाकटा भाऊ अनिश इथेच जन्मलेला. जुन्या जपानी तलवारी ओळखायच्या, त्यांचं मोल सांगायचं, हा त्याचा धंदा. त्याला ठसे घेणारा हात हवा होता.

काम सुंदर आहे. मूठ बांबूच्या एका खुंटीवर धरलेली असते. खुंटी काढली की आतली पोलादाची शेपूट दिसते. घडवणारा सही करतो ती तिथे, जिथे कुणाला दिसत नाही. शेपटीवर पातळ कागद धरून शाईची वडी घासायची, की सही वर येते. तिथला गंज मात्र साफ करायचा नाही, त्यावरूनच वय कळतं. मी म्हटलं, चिंच लावली असती तर दोन मिनिटांत लख्ख. पोरगं पांढरं पडलं.

पात्याला उघडं बोट लागता कामा नये. लवंगेच्या तेलाचा हात फिरवलेला असतो (सगळ्या खोलीला दाढदुखीचा वास), तरी घामाने गंज धरतो, तोही बोटाच्या रेघांसकट. म्हणून साबण, म्हणून हातमोजे. मी अनिशला सांगितलं, बाबा रे, माझ्या बोटांना रेघाच नाहीत. ग्रीन कार्डाच्या वेळी मशीनने दोनदा नकार दिला, शेवटी नागपूर पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागवावा लागला. सगळं आयुष्य कागदावर हात घासण्यात गेलं. उजव्या अंगठ्यावर लहानपणी विळीने कापल्याची तिरकी खूण आहे, तेवढीच काय ती शिल्लक.

माझी आई गिरजाबाई रेशनच्या दुकानात अंगठा लावायची. दुकानदार तिचा अंगठा धरून कागदावर दाबायचा, जसा काही तो त्याचाच शिक्का. ते बघून मी कॉन्व्हेंटच्या शाळेत गेले. सिस्टरांनी पट्टीने मारून अक्षर वळवलं. आजवर शाईचा अंगठा मी कुठेही लावलेला नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज एक लांब तलवार आली. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंची, त्यांच्या वडिलांनी युद्धावरून आणलेली. पात्यावर बोटांचे जुने तपकिरी डाग होते, ते इथे येण्याआधीच पॉलिशवाल्याने चार महिने खपून काढले. आता पातं पाण्यासारखं आहे. धारेच्या कडेने पहाटेच्या धुक्यासारखी पांढरी रेघ जाते.

शेपूट कोरी आहे, सही नाही. अनिश आनंदाने नाचायचाच बाकी होता. अशी तलवार फक्त कामावरून ओळखायची, मावशी, दॅट्स द रिअल टेस्ट! मला मात्र ते पटलं नाही. एवढं देखणं काम करणारा माणूस नाव का लपवेल?

ठसा घेताना वडी दोनदा अडकली. कागदाखालून कुणी धरून ठेवल्यासारखी. हातमोजा काढून बोटं चोळली. थंडी सुरू झाली आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

संताप. पात्यावर डाग आहे. बोटाचा, रेघांसकट. अनिशने मला बोलावलं आणि भिंग पुढे केलं. म्हणे, मावशी, आय बिलीव्ह यू, बट यार, कपाटाची चावी आपल्या दोघांकडेच आहे.

मी त्याचा पंजा धरून भिंगाशेजारी ठेवला. डाग त्याच्या बोटाच्या निम्मा. मग माझी बोटं दाखवली. वाच, म्हटलं. अमेरिकन सरकारला वाचता आली नाहीत, तू वाच. त्याने भिंग खाली ठेवलं, पण ‘सॉरी’ म्हणाला नाही. गिऱ्हाईक नोव्हेंबरच्या मध्याला येणार आहे. त्याला तो काय सांगणार? एका म्हातारीने हात लावला?

कुशल म्हणतो, सोडून दे ना आई. आत्ता सोडलं तर डाग कायमचा माझ्या नावावर. सोडणार नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आणखी दोन बोटं. कपाटाला कुलूप होतं.

आज त्या स्टेट कॉलेजच्या बाईंचा फोन आला. तलवार विकली गेली का, हे त्यांनी विचारलंच नाही. गंज परत आला का, एवढंच विचारलं. त्यांचे वडील ती रोज मांडीवर घेऊन बसायचे. शेवटी शेवटी त्यांचे तळवे बशीसारखे गुळगुळीत झाले होते, चमचा धरवत नव्हता. मूठ तेवढी वळलेली राहायची, काहीतरी धरल्यासारखी. अनिशने फोन ठेवला आणि म्हातारपणावर काहीतरी विनोद केला. मग माझ्याकडे बघून कपाटाचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

जेवताना हातातून वाटी सुटली. आमटी सगळी टेबलभर. माझी सून उपासना म्हणाली, आई, तुमचे हात किती सॉफ्ट झालेत, कोणतं क्रीम लावता?

मी क्रीम लावत नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

निकाल लावायचा ठरवलं. अनिश बाहेर गेलेला. डागावर पातळ कागद धरला आणि हलक्या हाताने वडी फिरवली. पोलादावरचा ठसा कागदावर आला, एकेक रेघ वेगळी. अंगठा होता. छान, ठसठशीत, तरुण अंगठा. माझा कधीही नव्हता इतका—

मधोमध तिरकी खूण आहे. विळीची.

हातमोजा काढला. माझ्या उजव्या अंगठ्यावर ती खूण नाही. चष्मा पुसला, भिंग घेतलं, दिव्याखाली धरला. नाही. अंगठा मेणासारखा. लहानपणापासूनची खूण अशी जाते कुठे?

मी त्या पात्याला हात लावलेला नाही. लावलेला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आता पूर्ण तळवा उमटला आहे. आयुष्याची रेघ, बुद्धीची रेघ. माझा भविष्यावर विश्वास नाही, पण रेघा ओळखते. माझ्याच आहेत.

माझा तळवा कोरा आहे. त्या शेपटीसारखा.

कुशल म्हणतो, कोरडी हवा. डॉक्टरची वेळ घेतलीय, तीन आठवड्यांनंतरची. एका जागी बसवत नाही. कपाटापाशी जाते, परत येते, पुन्हा जाते. दुसरीकडे कुठे गेलं की हात दुखतो. अनिशने आज चावी मागून घेतली. म्हणे, मावशी, थोडे दिवस रेस्ट घ्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितेय. उजवा वळलाय. उघडत नाही. उपासनाने कोमट पाण्यात धरला, हसत हसत, मग हसायची थांबली. मुठीत काही नाही. पण धरलंय— काहीतरी धरलंय.

अनिशचा मेसेज. गिऱ्हाईकाला पुढची तारीख दिली, पातं शुक्रवारी पुन्हा पॉलिशला जाणार. सगळे डाग काढणार. ‘ऑल गुड, मावशी. नो वन विल नो.’

काढले तर— त्या सैनिकाचे काढले. चार महिने खपून. त्याचं काही उरलं का? कुठे आहेत आता त्याच्या रेघा? आणि त्याच्याआधी— किती जणांचे—

रविवार, ९ नोव्हेंबर

पत्र लिहिलं. डावखुरं, वेडंवाकडं. सिस्टर बघत्या तर पट्टी मोडेपर्यंत मारत्या. इथे नक्कल ठेवते.

‘अनिश यास. गुरुवार, २३ ऑक्टोबर रोजी तू माझ्यावर आरोप केलास की पात्यावरचे ठसे माझे आहेत. मी नाकारलं. ते नाकारणं मी मागे घेते. ठसे माझे आहेत. मी हात लावलेला नाही, तरीही माझे आहेत. त्यांना पॉलिशवाल्याचा हात लागता कामा नये. तलवार जशी आहे तशी माझ्या ताब्यात दे. गुरुवार, १३ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर दे. तोंडी चालणार नाही. मेसेज चालणार नाही.’

सही राहिली. डाव्याने केली तर कुशल म्हणतो, ही तुझी वाटतच नाही, आई. उजवा तर पेन घेतच नाही. त्याला दुसरंच काही हवंय.

मग अंगठा. आईसारखा. कुणी धरून दाबायला नाही, मीच—

उजवा अंगठा मुठीतून ओढून काढला. शाईत बुडवला, टेकवला. कागदावर नुसता काळा गोळा. बटाट्याने उमटवल्यासारखा. एक रेघ नाही.

असं पत्र कोण मानेल? कुणाचंही असू शकतं.

पेन ठेवते. डावा लावून बघते, तो तरी अजून माझा—