शांताकडचा बांध

मंगळवार, आषाढ, २००७

सगळ्यात आधी शांता टपकली. धाकटी जाऊ माझी, पण माझ्याकडे कोण येणार ते तिला आधी कळतं. मग कोळशाच्या वीज कारखान्याचे दोन साहेब आले. चहात साखर किती मागावी माणसानं! म्हणाले, आमच्या धुरातला कार्बन झाडं खातात, म्हणून शेजारच्या शेतांत फुकट झाडं लावतोय. कार्बन म्हणजे काजळीच असेल, दुसरं काय.

काजळी पडते माझ्या शेवंतीवर. शांताचं शेत माझ्या पलीकडे, तिची फुलं पांढरीशुभ्र. बाजारात सगळ्यांदेखत विचारते, "आक्का, फुलांना काजळ घालता का हो?"

साहेब म्हणाला, "आजी, कारखान्याकडच्या बांधावर लावू, काजळी अडेल."

मी म्हटलं, "तिकडं नको. शांताकडच्या बांधावर लावा, तो बी माझाच हाय. अन् लय उंच वाढणारी द्या."

शांताला लगेच उमजलं. दुपारनंतरची सगळी सावली तिच्या शेतात. "आक्का, सावलीत कळी नाय धरत हो. माझी चूल त्या फुलांवर चालते." पदर धरला माझा.

म्हटलं, "उन्हात किती राबशील? सावलीला बस आता."

काय तोंड झालं तिचं! पाप लागेल का? विधवा बाई. लागू दे. माझी फुलं काळी ती काळीच राहणार, राहू देत. पण ते तोंड! लिहिताना पण हसू फुटतंय.

चौथीपर्यंतची शाळा कामाला आली, कागदावर ठसठशीत सही केली. रोपं घेऊन शुक्रवारी येतो म्हणाले.