लोहारणीचा डावा डोळा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय कादंबरीलेखन, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या अद्भुतरम्य कादंबरीच्या चार खंडांवरची टीव्ही मालिका पूर्ण पाहूनही माझी बुद्धी ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर मुलाला द्यावं. मालिकेचा करार त्यानेच जुळवून आणला. "आई, पुस्तक वेगळं, पडदा वेगळा," असं तो मला तासभर समजावत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी सही केली.

२. लिहायचं टेबल मालिकेच्या पटकथाकाराला पाठवावं. त्याच्याकडे नसावं. माझा सत्तरीचा, गुडघे धरून जिना चढणारा राजा त्याने पंचविशीचा केला आणि त्याला सदरा द्यायला विसरला. माझा चेटक्या चार खंडांत मिळून अकरा वाक्यं बोलतो, मालिकेत तो जाहिराती लागल्याशिवाय थांबत नाही. टेबलाचा एक पाय डुगडुगतो. त्याखाली पटकथा घालावी, नेमकी बसेल.

३. निर्मात्याने पाठवलेल्या सातही फुलदाण्या त्याला साभार परत कराव्यात.

४. पाचव्या, शेवटच्या खंडाचं हस्तलिखित कपाटात आहे. माझ्या तब्येतीची चौकशी करणारे सगळे त्याचीच वाट पाहताहेत. ते माझ्या थोरल्या बहिणीला द्यावं. मालिका पुढे काढू द्यायची की नाही, हे ताई ठरवेल. काढलीच, तर राजा म्हातारा, चेटक्या गप्प आणि युद्ध हरलेलं, सगळं पुस्तकाबरहुकूम. त्यात फरक केल्यास परवानगी रद्द.

५. अपवाद एकच. माझी लोहारीण एका डोळ्याची आहे. मालिकेने तिला दोन्ही डोळे दिले. त्यावर मी वकिलांकडून तीन पानी नोटीस लिहून घेतली होती.

ताईचा डावा डोळा मी आठ वर्षांची असताना माझ्या लाकडी तलवारीने गेला. "मीच पडले," असं तिने आईला सांगितलं. त्या डोळ्यापायी मी पाच खंड लिहिले, पण तिची माफी एकदाही मागितली नाही.

नोटीस पाठवायच्या दिवशी ताई माझ्याकडे मालिका पाहत बसली होती.

"ही मीच ना गं?"

"हो."

"बरी दिसले असते की." मग जरा वेळाने, "हा भाग परत कधी दाखवतात?"

नोटीस मी फाडून टाकली. तेव्हा लोहारणीचे दोन्ही डोळे शेवटच्या भागापर्यंत तसेच ठेवावेत. ताई, चुकलं माझं. हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही, असं वकील म्हणतात. ते काढू नये.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मला माहीत आहे. पाचवं कलम मात्र मी आजच ताईला वाचून दाखवणार आहे, मालिकेचा तो भाग परत लागायच्या आत.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (मालिका पाहिलेली नाही), शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक (पाहिली, आवडली, तरी सही घेतली).

ठिकाण: राहतं घर, ताईच्या खुर्चीशेजारी.
दिनांक: ९ मार्च.
सही: धाकटी