चाळणीतला निळा शिंपला

बेलवली, गुरुवार संध्याकाळ

आज लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली एक निळा शिंपला दिसला. वाळूच्या कणाएवढा, एका बाजूला फुटका. नव्या दगडाचा चुरा धुण्याआधी आम्ही चाळणी निळ्या रंगात बुडवतो. आधीच्या दगडातलं काही अडकलं असेल तर ते निळं होतं, लगेच ओळखू येतं. नखंही निळी होतात, आठवडाभर जात नाहीत.

पण हुबेहूब असेच शिंपले मला गेल्या वर्षी दुसऱ्याच डोंगराच्या दगडात मिळाले होते. पांढरे. त्यांच्यावरूनच सरांनी नकाशात दोन खंडांच्या मध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र काढला. तेही चाळणीतच अडकलेले असतील तर?

सरांना फोन केला. म्हणाले, "अगं, नकाशा छापून गेला. आता तिथे समुद्र आहे."

तेव्हापासून पाण्याचा आवाज येतोय. नळ दोनदा बघून आले. बंद आहे.

तो दगड धुतला त्या दिवशी मी चाळणी बुडवली होती ना? बुडवली असणारच. ताईचा साखरपुडा होता, घाईत निघाले, तरी एवढं कसं विसरेन?

शेवटी साखरपुड्याचा फोटो काढून बघितला. ताट धरून मी पुढेच उभी आहे.

नखं स्वच्छ आहेत.