शुद्ध बोला

३ फेब्रु., मंगळ
माझ्या अंगणवाडीत पालक सभा. पुण्याहून प्रशिक्षणाच्या मॅडम आल्या, काखेत तक्त्यांची गुंडाळी. विषय : मुलांशी संवाद. वेळ सकाळी अकरा. अकराला कुठली आई घरी असते? वाडीवरच्या बाया धरणाकाठच्या बंगल्यांवर बागकामाला. एकटी सुमन खाडा करून आली, कडेवर सोनी. साडेतीन वर्षांची, वाडीच्या बोलीत अखंड टकळी. मॅडम हसल्या. "घरात शुद्ध बोला हं, नाहीतर शाळेत मागे पडेल." सुमनला उमगेना, म्हणून मी फोड करून सांगितलं. सोनीशी वाडीचं बोलू नकोस.

१२ फेब्रु., गुरु
सोनी गप्प. चार-पाच दिवस बघतेय. खिचडी हवी तर बोट दाखवते, आधी "आजून" म्हणून ओरडायची. ताप नाही, वजन ठीक. मग काय?

१६ फेब्रु., सोम
संध्याकाळी वाडीवर गेले. सुमन चुलीपाशी. विचारलं तर म्हणाली, "तुमीच म्हनला न्हवं बाई, आपलं बोलू नको. तुमच्यावानी मला येत न्हाई. मंग गपच ऱ्हाते. माज्यापायी पोरीचं वाटुळं नको."
तेरा दिवस आई लेकीशी खुणांनी बोलतेय! डोक्यात तिडीक गेली. आधी मॅडमवर, मग स्वतःवर. मी तरी घरी कुठं शुद्ध बोलते? सासूबाईंशी 'व्हय' नि 'न्हाई'. अंगणवाडीचं कुलूप उघडलं की 'हो' नि 'नाही'. आणि निघाले सुमनला शिकवायला.

१७ फेब्रु., मंगळ
मॅडमना फोन केला. "अहो, तिनं चुकीचा अर्थ घेतला. अहवालात लिहा, पालकांत जागृतीचा अभाव."
अभाव म्हणे! सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळणारी बाई ती. अख्ख्या मुळशीत अशी दुसरी दाखवा. फोनवर मात्र "बरं मॅडम" म्हटलं, शेपूट घातली. अहवालातला तो रकाना कोरा ठेवलाय. सुपरवायझर म्हणतात, कोरा चालत नाही. नसेल चालत.

२० फेब्रु., शुक्र
सहाला वाडीवर. त्या वेळी सगळ्या घरी असतात, कोणाला खाडा पडत नाही. एवढी साधी गोष्ट त्या तक्त्यांवर कुठंच नाही. सुमनला म्हटलं, चुकलं माझं. तुझं तू बोल, पोरीला तेच हवंय.
ती म्हणाली, "तवा येक सांगितलं, आता दुसरं. खरं कंचं, बाई?"
सोनी आईच्या तोंडाकडे बघत होती. सुमननं तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, मिटलं. मी बसलेय तोवर ही बोलणार नाही, हे कळलं. उठले. दाराबाहेर चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावला. आतून काही ऐकू आलं नाही.