दादांच्या व्हिसा-अर्जावरील ‘तातडी’ काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. व्हिसा अधिकारी,
भारतीय उच्चायोग, वेलिंग्टन, न्यूझीलंड.

अर्जदार : ज्ञानेश्वर बारकू विशे, मु. पो. किन्हवली, ता. शहापूर, जि. ठाणे.

विषय : माझे थोरले बंधू दीपेश बारकू विशे यांचा भारतात येण्याच्या व्हिसाचा तातडीचा अर्ज साध्या रांगेत घेण्याबाबत.

संदर्भ : बंधूंचा अर्ज (कारण : ‘आई अत्यवस्थ’) व जुना भारतीय पासपोर्ट जमा करण्याविषयी आपण त्यांना दिलेले पत्र.

महोदय,

१) सविनय सादर करतो की, दादा तिकडचे नागरिक झाले तेव्हापासून आमच्या घरात दोन जातींचे पासपोर्ट आहेत. त्यांचा काळा, माझा निळा. दर वर्षी दादा घरच्या ग्रुपवर दोन नकाशे टाकत. विनाव्हिसा जाता येईल ते देश हिरवे. त्यांचे देश एकशे ऐंशीच्या वर, नकाशा श्रावणातल्या खाचरासारखा. माझे साठाच्या आसपास, त्यातले निम्मे मला शोधून सापडत नाहीत. “ज्ञाना, तुझा पासपोर्ट म्हंजे कसाऱ्यापर्यंतचा लोकलचा पास रे! म्होरं घाट!” असे ते व्हिडिओ कॉलवर सगळ्या भावकीसमोर म्हणाले. भावकी हसली. मीही हसलो, पाहुण्यांत बरे दिसते म्हणून.

२) दादांच्या त्या हिरव्या नकाशात भारत हिरवा नव्हता. हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण नागरिक झाल्यापासून दादा इकडे फिरकलेच नव्हते. चैत्रात आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी तिकीट काढले आणि तिकडच्या विमानतळावरूनच परत फिरले. “माझ्याच घरी जायला व्हिसा कसला?” असे त्यांनी खिडकीवरच्या बाईंना मराठीत विचारले, असे ते स्वतः सांगतात. यात आपल्या कार्यालयाचा काडीचा दोष नाही, हे मी लेखी देतो.

३) जो जमा झाल्याखेरीज व्हिसा मिळत नाही तो, आपण मागितलेला जुना पासपोर्ट आमच्याकडे होता. दादांनीच तो मुरबाडच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आईला धाडला होता. “ठेव आठवण म्हणून, इकडं त्याला कुत्रं विचारत नाय,” असा निरोप होता. आईने तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला आणि रोज त्याला हळद-कुंकू वाहिले. तिचे म्हणणे एकच : “बुक देवापाशी हाय तवर पोरगा माघारी येनार.”

४) आपले पत्र आल्यावर मी तिला स्पष्ट सांगितले, “आई, ह्याच बुकानं दादा अडकलाय. धाडू दे.” ती म्हणाली, “येडा का रे तू? पोटातून आला तवा कोनाचा शिक्का होता? तुला तो यायला नकोय.” त्या दिवसापासून पासपोर्ट तिच्या उशाखाली गेला. दादांनी दोन तोडगे सुचविले. एक, हरवल्याची फिर्याद द्यावी. जी वस्तू आई मुठीत धरून निजते ती हरवली असे पोलिसांत सांगणे मला जमले नाही. दुसरा, ती झोपेत असता काढून घ्यावी. आईच्या उशाखाली हात घालण्याचा व्हिसा मजकडे नव्हता.

५) मागल्या आठवड्यात तिने फोन मागितला. “दीपू, कुठवर आलास रे?” दादा म्हणाले, “निघालोच, आई.” ते सोफ्यावर बसले होते, मागे टीव्ही चालू होता. फोन मी धरला होता, म्हणून मला दिसले. आईला आता नीट दिसत नव्हते. तिने माझ्या बायकोला हाक मारली, “वंदना, भाताला दोन मुठी तांदूळ जास्त टाक गो.” वंदनाने रोज टाकल्या. सकाळी कोंबड्या खात.

६) परवा पहाटे आई वारली. अग्नी मी दिला, त्यास निळा पासपोर्टही लागला नाही. दादांना फोनवर दाखविले. परंतु स्मशानात रेंज कमी असल्याने चित्र मध्येच थांबले आणि त्यांना शेवटपर्यंत माझीच पाठ दिसत राहिली, असे कळते.

७) सबब विनंती की, त्यांच्या अर्जावरील ‘तातडीचे’ हा शेरा खोडावा. ‘आई अत्यवस्थ’ हे कारणही खोडून तेथे ‘पर्यटन’ लिहावे. मला भेटण्यासाठी त्यांनी व्हिसा मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्यापुढे जे कोणी रांगेत असतील, ज्यांची आई अजून आहे, त्यांना आधी घ्यावे.

८) पासपोर्ट सोबत पाठवीत आहे. आता तो देण्यास घरात कोणाचीही हरकत नाही.

माझ्या बोलण्यात कमी-जास्त झाले असल्यास ते दादांच्या खाती धरावे.

आपला नम्र,
ज्ञानेश्वर बारकू विशे
किन्हवली, दि. १२ मे २०२६

सोबत :
१) आईच्या मृत्यूचा दाखला.
२) मूळ भारतीय पासपोर्ट. फोटोवर हळद-कुंकवाचा थर बसला असून तो पुसू नये, खालचा चेहराही निघून येतो. एवढ्यावरून ओळख पटत नसल्यास बंधूंना समोर उभे करून पाहावे. आईला पटत होती.