पंचेचाळीस सेंटिमीटर आणि पाक सादिमिन यांचे ‘इंगिह’

क्लातेन, शनिवार

चि. दिक प्रासोजो यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. बालिकपापानचा उकाडा तुला मानवत असेल आणि तुझी पाठ बरी असेल, असे गृहीत धरतो (गृहीत धरण्यावाचून गत्यंतर नाही, कारण फोनवर तू हवामानापलीकडे काही सांगत नाहीस). एन्दांग व मुलींना आठवण सांगावी. आम्ही दोघे ठीक आहोत.

लिहिण्यास कारण की, आपल्या पुढच्या अंगणात मी बॅडमिंटनचे कोर्ट उभारले आहे. नियमानुसार कोर्टाची लांबी तेरा मीटर चाळीस सेंटिमीटर असते. आपल्या पायरीपासून शेजारच्या पाक सादिमिन यांच्या खुराड्यापर्यंतचे अंतर मी तीनदा मोजले. तिन्ही वेळा ते बारा मीटर पंचाण्णव भरले. (मागे सरकायची जागा यात धरलेली नाही, ज्याला मागे सरकायचे असेल त्याने ओसरीवर चढावे.) तुझी मुर्तीवहिनी म्हणाली, “मग तेवढं कमी करा की. फूल काय फूटपट्टी घेऊन उडतं?”

मी पाक सादिमिन यांच्याकडे गेलो. ते ऐंशीचे, म्हणून आपल्या भाषेतील सर्वांत वरच्या थराचे आदरार्थी शब्द योजून, कोंबड्यांच्या प्रकृतीची चौकशी करून, खुराडे पंचेचाळीस सेंटिमीटर मागे घेण्याची विनंती केली. ते हसून म्हणाले, “इंगिह.” मी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला आणि निर्धास्त झालो. तीन आठवडे थांबलो. मग रविवारी गल्लीतील अकरा जण मदतीला आले. बांबू चिरून त्यांच्या पट्ट्या जमिनीत खुंट्यांनी ठोकल्या, वर चुना फासला, माझ्या खर्चाने तळलेला कसावा संपवला. शेवटची पट्टी मात्र थेट खुराड्यात शिरली. कुणीतरी विचारले, “पाक विद्योत्मो, ही रेघ कोंबड्यांनी पाळायची का?”

मी त्यांच्या पत्नीला, बू सादिमिन यांना, गाठले. त्या म्हणाल्या, “अहो, म्हाताऱ्यानं ‘इंगिह’ म्हटलं म्हणजे ऐकू आलं, एवढंच. ‘हो’ असतं तर तिथल्या तिथं कुदळ मागितली असती. इथलेच ना तुम्ही, की जहाजानं आलात?”

दिक, छप्पन्न वर्षे मी ही भाषा बोलतो. या शब्दाचे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. कोर्ट हवे होते म्हणून मी सोयीचा घेतला. त्या दिवशी घरी परतताना प्रथमच ध्यानात आले, की ‘यंदा ईदला येतोस ना?’ या माझ्या प्रश्नाला तूही आठ वर्षे ‘इंगिह’ असेच उत्तर देतो आहेस. (आठही वर्षे मुर्तीने मागची खोली झाडून घेतली. मी तिला काही सांगितलेले नाही.)

खुराडे मी तिथेच राहू दिले. उलट आपली पायरी फोडली. जिच्यावर बसून आई आपले गुण मोजायची आणि नेहमी तुझ्या बाजूने चुकायची (हे माझे मत आजही कायम आहे), तीच पायरी. पाहुणे आता स्वयंपाकघरातून आत येतात. कोर्ट मात्र तंतोतंत आहे. जाळी खांबांपाशी एक मीटर पंचावन्न.

रोज साडेचारला मी दक्षिणेच्या बाजूस उभा राहून सर्व्हिस करतो. फूल पलीकडे पडते. जाळीखालून जाऊन ते आणतो आणि मग उत्तरेकडून सर्व्हिस करतो. मुर्ती दारातून पाहते आणि म्हणते, “समोर कुणीतरी लागतं हो या खेळात.”

कळावे.

तुझा,
मास विद्योत्मो

ता. क. ईदला सात आठवडे उरले आहेत. ‘येतो’ किंवा ‘येत नाही’, यांपैकी एकच लिहावे. दुसरे लिहिलेस तरी मी ते वाचेन.

ता. क. २. वर एक गोष्ट लिहावयाची राहिली. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी मला धावण्यास कायमची मनाई केली आहे. म्हणजे समोर मी असेन, परंतु जागचा हलणार नाही. फूल नेमके माझ्या हाताशी येईल असे मारावे लागेल. गल्लीतील सगळ्यांना बोलावून पाहिले. तसे मारता येणारे इथे कोणी नाही.