‘लविनिया’ हे नाव ठेवू नये याबद्दल

प्लिमथ गोदी,
रविवार, ३ फेब्रुवारी १९४६

प्रिय लव्हडेताईस,

सप्रेम नमस्कार. तू आणि बाळी खुशाल असल्याचं वाचून बरं वाटलं. जागोभावोजींची कंबर पुन्हा धरली म्हणे (ती नेमकी चर्चच्या दिवशीच कशी धरते, हे एकदा विचार). माझी तब्येत म्हणशील, तर साडेपाच वर्षं बॉयलरखोलीत काढलेल्या माणसाची असावी तशीच आहे. बसलो की झोप येते.

“ज्या बोटीनं तुला घरी आणलं, तिचंच नाव बाळीला ठेवणार” असं तू लिहिलंस. ताई, त्या पोरीनं तुझं काय वाकडं केलंय? आधी ‘लविनिया’चं चरित्र ऐक. म्हणायला विनाशिका, शत्रूची जहाजं बुडवणारी युद्धनौका! पाण्यात सोडताना रिवाजाप्रमाणे नाकावर आपटलेली शँपेनची बाटली तीनदा फुटली नाही आणि चौथ्यांदा फुटली ती पाहुण्या बाईंच्या हॅटवर. पहिल्याच सफरीत तिनं आपल्याच बंदराचा धक्का फोडला (कॅप्टनच्या मते धक्का पुढे आला). मग दोन हिवाळे आम्ही मालवाहू जहाजांची राखण करत अटलांटिक तुडवला. ती इतकी लोळायची की सूप तोंडात कमी आणि कानात जास्त जायचं. एकदा शत्रूची पाणबुडी सापडली म्हणून नऊ स्फोटक पिंपं टाकली, तर वर आले कॉड मासे. आठ दिवस तेच खाल्ले. त्रेचाळीस साली आपल्याच विमानानं आमच्यावर बॉम्ब टाकला, तो अर्ध्या मैलानं चुकला. बॉयलरवरचा माझा जोडीदार म्हातारा पेनहॅलो म्हणाला, “च्यायला, आपल्याच पोरांना नेम नाही, मग जर्मनांना काय नावं ठेवायची!” तिची एक नळी बुजवावी तर दुसरी गळायची.

फक्त बेचाळीसच्या नोव्हेंबरात ती एका पेटलेल्या तेलाच्या जहाजाला जाऊन चिकटली आणि एकेचाळीस माणसं उतरून येईपर्यंत जागची हलली नाही. अंगावरचा रंग सोलून पडत होता. दोन बॉयलर बसलेले, उरलेला एक मी आणि पेनहॅलोनं शिव्या घालून घालून चालवला. तेवढ्यावर तिनं आम्हाला बाहेर काढलं. (हे लिहायचं नव्हतं. खोडण्याइतकी शाई नाही, सोडून दे.)

तर असं हे ध्यान. ते नाव लावलंस तर पोर शाळेत पहिल्याच दिवशी भिंतीला धडकेल. त्यापेक्षा आईचं डॉर्कस ठेव. वाद घालण्याचं त्राण माझ्यात नाही. कळावे.

तुझा थकलेला भाऊ,
विल्फ

ता. क. तिला भंगारात काढलंय. पुढच्या सोमवारी ओढून नेणार. मला वाटलं होतं मी आनंदानं नाचेन. नाही नाचलो.

ता. क. २. गुरुवारी तिची घंटा उतरवतील. नाविकाच्या घरच्या बाळाचा बाप्तिस्मा जहाजाच्या घंटेत करायची आमच्यात रीत आहे. घंटा उलटी करून पाणी भरतात. बाहेरून जहाजाचं नाव असतंच, बाळाचं नाव आतून कोरतात. घंटा भंगारात जात नाही. कॅप्टनना विचारलंय, पाद्री तयार आहेत, पेनहॅलोनं दोनदा घासून ठेवलीय. बुधवारी सकाळच्या गाडीनं बाळीला घेऊन ये. भावोजींनाही आण, कंबरेसकट.

ता. क. ३. कोरणाऱ्याला नाव कालच देऊन आलो. तो म्हणाला, “अहो, हे तर बाहेरून आहेच की!” मी म्हटलं, “बाहेरची म्हातारी आहे. आतली आमची पोरगी.”